बागेतले हात आणि यंत्रातला ठसा

मला बागकामाचा छंद आहे. दिल्लीतील शासकीय निवासस्थानामागे चार वाफे मावतील एवढी जमीन आहे. हिवाळ्यात तिथे शेवंती आणि डेलिया फुलतात, गुलाब तर कायमचेच. रविवारी मातीत हात घातला की आठवडाभराच्या फायलींचा शीण उतरतो. सोमवारच्या बैठकीत मात्र नखांतली काळी रेघ सर्वांना दिसते.

2014 मध्ये केंद्रीय कार्यालयांत आधारशी जोडलेली, बोटाच्या ठशावर चालणारी हजेरी आली. पुढे एका डिसेंबरात, सलग दोन सुट्ट्या मातीत घालवल्यानंतर, यंत्राने माझे बोट तीनदा नाकारले. "साहेब, आज आपण आपण नाही," असे मागच्या सहकाऱ्याने म्हटले आणि रांग हसली. मीही हसलो. दुसऱ्या बोटाने हजेरी लागली. लागली नसती तरी माझा पगार थांबणार नव्हता.

त्यानंतर मी हातांची निगा राखू लागलो. नखे आखूड ठेवतो. कामाला बसण्यापूर्वी ओल्या साबणाच्या वडीवर नखे घासतो. नखांखाली साबण भरला की माती शिरायला जागा उरत नाही आणि धुताना तो सहज निघून जातो. नखांच्या कडेची कातडी कापत नाही, कारण नखुरडे तिथूनच सुरू होते. डाग घालवण्यासाठी लिंबू चोळून उन्हात जाणे मी सोडले. त्याने त्वचा भाजल्यासारखी होते. गुलाबाला हातमोज्यांवाचून हात लावत नाही. काट्यावाटे मातीतली बुरशी त्वचेत शिरू शकते, म्हणून टोचलेल्या जागी उठलेली गाठ बरी होत नसेल तर डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी. रात्री हात धुऊन, ते किंचित ओले असतानाच खोबरेल तेल लावतो. वरची त्वचा झिजली तरी ठशाच्या रेषा खोलवर शाबूत असतात. हातांना काही आठवडे विश्रांती दिली की त्या पुन्हा उमटतात.

विश्रांती दिली की! या शब्दांचा अर्थ मला नंतर उमगला.

वाफे खणायला बुंदेलखंडातले एक गृहस्थ येतात. एका संध्याकाळी मला तेल चोळताना पाहून त्यांनी कारण विचारले. मी यंत्राची गंमत सांगितली. ते हसले नाहीत. त्यांच्या आईने जन्मभर दगड फोडले. गावातल्या रेशन दुकानातील यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही. हात धुऊन ये, तेल लावून ये, उद्या ये, असे तिला सांगितले जाते. एका महिन्यात तीन खेपा झाल्या. "साहेब, धान्य फुकट मिळते, पण तीन दिवसांची मजुरी जाते," ते म्हणाले.

अर्थशास्त्रात आम्ही याला संधी-खर्च म्हणतो. मी परीक्षेत त्यावर उत्तरे लिहिली आहेत. एवढे नेमके उदाहरण मात्र मला कधी सुचले नव्हते.

नियम नाहीत असे नाही. केवळ ठसा जुळला नाही म्हणून पात्र व्यक्तीला धान्य नाकारू नये, अशा केंद्राच्या सूचना 2017 पासून आहेत. 2018 च्या आधार निकालातही सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची दखल घेतली. बुबुळावरून किंवा मोबाइलवरील सांकेतिक क्रमांकावरून ओळख पटवण्याचे मार्गही आहेत. परंतु पर्याय परिपत्रकात असणे वेगळे आणि तो काउंटरवर मिळणे वेगळे. पर्यायाची नोंद करण्याचे कष्ट दुकानदाराचे आणि ती न केल्याचे नुकसान म्हातारीचे, अशी विभागणी असेल तर काय घडेल हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

एक कबुली द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी एका टिपणात, ठसा न जुळण्याच्या प्रकरणांविषयी मी 'प्रमाण नगण्य' असे लिहिले होते. आकडे खरोखरच लहान होते. पण ते कोणाच्या वाट्याला येतात, हे मी पाहिले नव्हते. ज्यांचे हात सर्वांत जास्त राबतात, त्यांचेच ठसे आधी पुसले जातात.

माझ्या छंदाला सुट्टी देता येते. दगड फोडणाऱ्या हातांना ती कोण देणार? ते टिपण आता बदलता येत नाही. 'नगण्य' हा शब्द मात्र त्यानंतर माझ्या लेखणीतून उतरलेला नाही.