कोवळ्या वयातील दात

दात पडणे हा आमच्या घरी दोनच वयांचा विषय होता : सहाव्या-सातव्या वर्षीचा कौतुकाचा आणि साठीनंतरचा सुस्काऱ्याचा. परंतु येथे इंदुरात आमच्या चौदा वर्षांच्या नातीचा वरचा पटाशीचा दात खो-खो खेळताना मुळासकट निखळला आणि मैदानाच्या मातीत हरवला. सापडता, तर मुळाला न घासता, दुधात ठेवून लगोलग नेल्यास पुन्हा बसविता येण्याची आशा होती.

मुलगी तोंडावर हात धरून बोलू लागली. आप्तेष्टांचा आग्रह एकच : "मुलीची जात आहे, कायमचे काय ते करून टाका." म्हणजे शेजारचे दोन्ही दात घासून त्यांवर पूल बसवा, नाही तर हाडात इम्प्लांट रोवा.

दंतवैद्यबाईंनी दोहोंना नकार दिला. घासलेले एनॅमल पुन्हा येत नाही, आणि कोवळ्या दाताच्या आतील नसेची पोकळी मोठी असल्याने तिलाही धोका. इम्प्लांट हाडाशी जखडते. जबडा वाढतो तसे शेजारचे दात खाली सरकतात, तो मात्र भिंतीतल्या खुंटीसारखा जागीच राहून आखूड दिसू लागतो.

"मग तोवर मुलीने असेच राहायचे?" सूनबाईंनी विचारले.

प्रारंभी काही महिने काढता-घालता येणारी प्लेट दिली. जखम भरून हिरडी स्थिरावल्यावर चिकटविलेला पूल बसविला. १९५५ मध्ये अमेरिकेत बुओनोकोर यांनी आम्लाने एनॅमल खरखरीत करून त्यावर रेझिन चिकटविण्याची युक्ती दाखविली. १९८० नंतर मेरीलँड विद्यापीठात तिच्याच आधारे धातूचे पंख दातामागे चिकटविणारा पूल सिद्ध झाला. आता धातूऐवजी झिर्कोनियाही वापरतात, आणि पुष्कळदा पंख एकाच बाजूला ठेवतात. कारण दोन दातांची हालचाल निरनिराळी, आणि दोहोंतला एक पंख नकळत सुटला तर तेथे कीड शिरते.

हा पूल कधी सुटेल, पुन्हा चिकटवावा लागेल. पेरू-ऊस त्या दाताने तोडायचा नाही, हे पथ्यही आहेच. पण मुलगी आज मोकळेपणी बोलते. पुढे वाढ पुरी झाल्यावर इम्प्लांट करावयाचे की नाही, हे ती स्वतः ठरवील. आणि तेव्हा तिचे शेजारचे दोन्ही दात शाबूत असतील, एवढे आम्हांला पुरे आहे.