नकाशा कोणाच्या ताब्यात?

चेन्नईत पाऊस लागला की पहिली चौकशी भुयारी मार्गांची होते. त्यागराय नगर व पश्चिम मांबलम यांना जोडणारे दुरैसामी आणि अरंगनाथन हे रुळांखालचे रस्ते पाण्याने भरले, की शेजारच्या वस्त्याही दूर जातात. मार्ग बंद झाल्याचे चौकातल्या पोलिसाला ठाऊक असते. परंतु रुग्णवाहिकेच्या चालकासमोरचा नकाशा बहुधा एखाद्या कंपनीच्या संगणकावरचा असतो. त्यात दुरुस्ती सुचवता येते, करता येत नाही.

२०१५ च्या डिसेंबरातील महापुरात याच शहराने वेगळी वाट पाहिली. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला, स्वयंसेवकांनी रेखाटलेला मुक्त नकाशा. त्याच्या आधारे काही उत्साही मंडळींनी संकेतस्थळ उभारले. पाण्याखालच्या रस्त्यावर टिचकी मारून नागरिक त्याची नोंद करीत. रस्त्यांची माहिती मुळातच खुली असल्याने कोणाच्या परवानगीसाठी थांबावे लागले नाही. (याच शहरातील सेंट थॉमस माउंटजवळ लॅम्बटनने १८०२ साली आधाररेषा मोजली, ती मात्र राज्यकर्त्यांच्या गरजेसाठी.)

कुतूहल म्हणून मी चेन्नई परिसराचा हा नकाशा आणि ओएसआरएम ही मुक्त मार्गशोधक प्रणाली घरच्या जुन्या संगणकावर बसवली. एका तक्त्यात दुरैसामी व अरंगनाथन मार्गांचा वेग शून्य लिहिला, गणना पुन्हा करवली. काही क्षणांत कोडंबाक्कमच्या पुलावरून जाणारा रस्ता समोर आला. इंटरनेट तेव्हा बंदच ठेवले होते. पुराच्या दिवसांत फोन व वीज गेलेल्या शहरात या गोष्टीचे मोल काय, हे सांगायला नको.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात सार्वजनिक वस्तूचे लक्षण दिसते: एकाच्या वापराने दुसऱ्याचा वाटा घटत नाही. पण नकाशा फुकट असला तरी तो ताजा ठेवणे फुकट नाही. नवा पूल, बदललेली एकेरी वाहतूक, नादुरुस्त सर्व्हर हे सारे कोणीतरी रोज पाहावे लागते. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे तयार करण्यासाठीची पूर्वपरवानगीची अट काढली. तेव्हा अडचण आता कायद्यापेक्षा आस्थापनेची आहे.

एका सहकाऱ्यासमोर मी हा विषय काढला, तेव्हा त्यांनी एकच विचारले: “रात्री दोन वाजता हे बंद पडले, तर फोन कोणाला करायचा?” यंत्रखरेदीची टिपणी मी तासाभरात लिहू शकेन. त्या फोनला उत्तर देणाऱ्या माणसाचे पद मात्र कोणत्याच मंजूर आकृतिबंधात मला सापडलेले नाही.