इथं बुजवलं, तिथं गळलं

वॉल्व्ह सील बदलल्यावर सायलेन्सरमधून येणारा निळा धूर थांबला, आणि लगेच गाडी पाणी खायला लागली. १९९७ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. सीलसाठी हेड उतरवलंच होतं, तेव्हा नवं हेड पॅकिंग, टायमिंग बेल्ट, क्रँक आणि कॅमचे ऑइल सील, वॉटर पंप असं सगळं एका दमात उरकून घेतलं होतं. हेड शिवाजी उद्यमनगरात नेऊन फेसिंग मारून आणलं. कोल्हापुरात जुनी गाडी बाळगायची तर हे एक सुख आहे. फेसिंग, बोअरिंग, वेल्डिंग, काही हवं असलं तरी उद्यमनगराच्या पलीकडे जावं लागत नाही.

इतकं नवं घालूनही पाणी का जातंय, यावर घरच्यांचा निकाल तयार होता: मिस्त्रीनं काम बिघडवलं. मिस्त्रीचा त्याहून तयार: "ताई, गाडी म्हातारी झालीया." मला दोन्ही पटले नाहीत.

रेडिएटरच्या झाकणावर ०.९ असा आकडा असतो. चौरस सेंटिमीटरला तेवढे किलो दाब होईपर्यंत झाकण पाणी अडवून धरतं, म्हणून तापमान ११५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत ते उकळत नाही. आमच्या जुन्या झाकणाचं रबर कडक होऊन तडकलं होतं. म्हणजे कित्येक वर्षं आत पुरता दाब कधी साठलाच नव्हता. आता नवं झाकण आलं, आणि निवांत बसलेल्या प्रत्येक सांध्यावर पूर्ण दाब पडायला लागला. त्यात आम्ही सगळं फ्लश केलं होतं. बोअरच्या पाण्याचा क्षार आणि गंज तांबड्या गाळासारखा बाहेर पडला. त्यातल्या थोड्या गंजानं भोकंही बुजवून धरली असणार, हा विचार मला तो गाळ बघतानाच आला होता.

पॅकिंगवरचा संशय आधी काढून टाकला. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ नव्हतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता, झाकण काढून थंड इंजिन चालू केलं तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे नव्हते. म्हणजे पाणी इंजिनाच्या आत जात नव्हतं, बाहेरच कुठंतरी जात होतं.

पहिली गळती लगेच दिसली. वरचा होज पाइप वॉटर बॉडीवर बसतो तिथं थेंब. मिस्त्रीनं क्लिप आवळली, थेंब चालूच. मग पाइप काढला तर खालच्या ॲल्युमिनियमच्या तोंडाला खड्डे पडलेले. खड्ड्यावर रबर कितीही आवळलं तरी पाणी वाट काढणारच. पॉलिश पेपरनं तोंड घासून गुळगुळीत केलं, नवा होज आणि नवी जुबली क्लिप लावली. संपलं.

दुसरीनं मात्र छळलं. गाडीखाली एक थेंब नाही, तरी बाटलीतली पातळी उतरायची. बॉनेट उघडलं की कूलंटचा गोडसर वास यायचा. (हा गोडपणा विषारी असतो. सांडलेलं कूलंट कुत्र्यामांजरांनी चाटलं तर मरतात, म्हणून अंगणात काम करताना खाली टब ठेवणं मला क्लिपपेक्षा महत्त्वाचं वाटतं.) तापलेल्या इंजिनावर गळलेलं पाणी जागच्या जागी वाळून जातं, त्यामुळे गरम गाडीत शोधण्यात अर्थ नव्हता. रेडिएटरवाल्याकडून प्रेशर टेस्टर मागून आणला. हातपंप आणि वर मीटर, एवढंच ते यंत्र. रात्रभर थंड झालेल्या गाडीला झाकणाच्या जागी लावून ०.९पर्यंत हवा मारली आणि बॅटरीच्या उजेडात बघत बसलो. काटा सावकाश खाली यायला लागला, आणि इनटेक मॅनिफोल्डच्या खालच्या कडेला हिरवी रेघ ओली झाली.

या गाडीत कार्ब्युरेटरखालचा मॅनिफोल्ड गरम राहावा म्हणून त्यातून पाणी फिरवलेलं असतं. हेड उतरवताना मॅनिफोल्ड सुटा केला होता, त्याचं पॅकिंगही नवं घातलं होतं, पण फेसिंग मारलं होतं फक्त हेडला. मॅनिफोल्डचं तोंड पाण्याच्या भोकाभोवती खाल्लेलं होतं. मिस्त्रीनं सिलिकॉनची ट्यूब काढली.

"जाड थर देतो ताई, दहा वर्षं बघायला नको."

"आणि दाबून आत गेलेलं सिलिकॉन? सुटून रेडिएटरच्या नळीत अडकलं की?"

तो हसला, पण मॅनिफोल्ड सोडला. पुन्हा उद्यमनगर, पुन्हा फेसिंग.

तिसऱ्या गळतीचा मला आनंदच झाला, कारण माझा अंदाज तिथं खरा ठरला. मॅनिफोल्ड बसवून परत हवा मारली, तर इंजिनाच्या बाजूनं जाणाऱ्या लोखंडी पाण्याच्या पाइपातून सुईएवढी धार. वरचा गंजाचा पापुद्रा नखानं काढला तर आणखी दोन भोकं. तो पाइप झाळून घेता आला असता, पण उरलेला पत्रा कागद झाला होता. नवा मिळतो, स्वस्तही आहे.

या काळात सल्ले फुकट मिळाले. सर्वांत लोकप्रिय म्हणजे रेडिएटरमध्ये हळद टाका. ट्रकवाल्यांचा हा जुना तोडगा. आंबा घाटात रात्री रेडिएटर गळायला लागला तर मीही टाकेन. पण दारात उभ्या असलेल्या गाडीत का टाकायची? हळदीला गळकं भोक आणि कामाचं भोक यातला फरक कळत नाही.

शेवटी अर्धं कूलंट, अर्धं बॅटरीचं पाणी भरलं. कोल्हापुरात पाणी गोठत नाही हे खरं, पण कूलंट गंज रोखतं आणि उकळबिंदूही वाढवतं. झाकण उघडं ठेवून पंखा लागेपर्यंत इंजिन चालवलं, वरचा होज दाबून दाबून अडकलेली हवा काढली. आधीच्या कुणीतरी काढून टाकलेला थर्मोस्टॅटही परत बसवला. त्यावरून मिस्त्रीशी अजून वाद आहे. "आपल्या हवेत त्याचं काय काम?" असं तो म्हणतो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन तापायलाच वेळ लावतं आणि पेट्रोल जास्त पितं, असं मी म्हणते. वाघबीळवरून पन्हाळा चढून आलो तेव्हा तो शेजारी बसला होता. वर पोचल्यावर बॉनेट उघडून त्यानं एकेक सांधा हात न लावता वास घेऊन तपासला, बाटलीतली पातळी बघितली आणि म्हणाला, "एप्रिलात परत येऊ, मग सांगतो."