मंगोलियांतील गोल घरें आणि त्यांतील हवा

मध्य आशियांतील गवताळ माळावर राहणाऱ्या लोकांच्या गोल, लोंकरीच्या घरास बाहेरचें जग 'युर्त' म्हणतें. मंगोल लोक त्यास 'गेर' म्हणतात, आणि त्यांच्या भाषेंत त्या शब्दाचा अर्थ केवळ 'घर' एवढाच आहे. ऐकण्यास तो आपल्या शब्दाच्या फार जवळचा वाटतो खरा, पण हें साम्य निव्वळ ध्वनीचें आहे. व्युत्पत्तीच्या छंदी वाचकांनीं त्यावर मनोरे उभारूं नयेत! हीं घरें बांधण्याच्या कलेस २०१३ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत स्थान दिलें. त्यांच्या शोभेविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस लिहावयाचें आहे तें अधिक घरगुती विषयावर. चोहोंकडून लोंकरीनें लपेटलेल्या, एकहि खिडकी नसलेल्या या घरांत हवा खेळते कशी, आणि तें कुबट कां होत नाहीं, किंवा केव्हां होतें?

उलानबातर शहराच्या कडेस, टेकडीच्या उतारावरील एका लांकडी कुंपणाच्या आवारांत, ज्या कुटुंबाकडे आम्ही सप्टेंबरअखेरीस उतरलों होतों, त्यांचें गेर पांच 'भिंतीं'चें व सुमारें वीस फूट व्यासाचें होतें. भिंत म्हणजे लवचीक काठ्यांची मिटवितां येणारी जाळी. या जाळ्या वर्तुळांत उभ्या करून त्यांवर बारीक वांसे टेकवितात, आणि त्या वांशांचीं वरचीं टोंकें मधोमध एका लांकडी कड्यांत बसवितात. तें कडें म्हणजे 'तोनो'. आच्छादन नमद्याचें, मेंढीची लोंकर भिजवून, दाबून, लाटून केलेला हा जाड थर आपल्याकडील बुरणुसासारखा असतो. वर पांढरें सुती कापड, आणि दार नेहमीं दक्षिणेस.

या घराचें श्वसन तोनोंतून चालतें. खालीं मधोमध शेगडी. तिचें धुराडें तोनोंतून बाहेर जातें. शेगडीनें तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व कड्यांतून निसटते. तिची जागा घेण्यास दाराच्या फटींतून व भिंतीच्या तळाशीं असलेल्या कडेखालून थंड हवा आंत येते. उन्हाळ्यांत नमद्याची ही खालची कड चांगली हातभर वर गुंडाळतात, आणि मग जाळींतून वारा आरपार वाहतो. तोनोवर एक चौकोनी नमदा असतो, त्यास 'उर्ख' म्हणतात. त्याच्या चार कोपऱ्यांस दोऱ्या. तीन बांधलेल्या, चवथी सैल. ती ओढून उर्ख सकाळीं त्रिकोणी दुमडावयाचा, रात्रीं पसरावयाचा, पाऊस आला कीं झांकावयाचा. आमच्या यजमानांची वृद्ध आई दिवसाकाठीं पांच-सहा वेळां तरी त्या दोरीस हात लावीत असे, आणि प्रत्येक वेळीं आधीं बाहेर जाऊन वारा कोठून वाहतो तें पाही.

लोंकरीचा एक गुण येथें सांगितला पाहिजे. आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी वाफ ती हातास ओली न लागतां पोटांत घेऊं शकते, व हवा कोरडी होतांच सोडून देते. माणसांचा श्वास, चहाचें आधण, मांसाचा रस्सा, वाळत घातलेलीं लहान मुलांचीं वस्त्रें, या सर्वांची वाफ रात्रीं नमदा झेलतो आणि दिवसा परत करतो. परंतु परत करण्यास वाट मात्र मोकळी हवी. भटक्या कुटुंबाचें गेर वर्षांतून अनेक वेळां उतरतें, नमदे उन्हांत पडतात, जमीनहि बदलते. बुरशीस मूळ धरण्यास लागणारी स्वस्थता तिला मिळतच नाहीं.

शहरांत ही स्वस्थता मिळते. उलानबातरच्या निम्म्याहून अधिक वस्ती अशा गेरांच्या व लहान घरांच्या भागांत राहते. ज्या हिवाळ्यांत बर्फाखालीं चारा नाहींसा होऊन जनावरें मरतात त्यास तिकडे 'झुद' म्हणतात. २०२३-२४ च्या झुदांत सत्तर लाखांहून अधिक जनावरें दगावलीं. मागच्या अशाच एका झुदांत कळप गमावून आमचे यजमान शहरांत आले होते. तेव्हांपासून तीन वर्षें त्यांचें गेर एकाच जागीं उभें होतें. पाऊस झिरपतो म्हणून मुलानें नमदा व सुती कापड यांच्यामध्यें प्लॅस्टिकचा कागद घातला होता. हिंवाळ्याच्या तयारीस माळावरून आलेल्या म्हातारीनें पहिल्याच दिवशीं नाक मुरडलें, आणि तिच्या हट्टास्तव उत्तरेकडील पेटारे हलवून नमदा उतरविण्यांत आला. पेटारे भिंतीस अगदीं चिकटून ठेविलेले होते. त्यांच्यामागें दोन वितीं रुंद काळा डाग पसरला होता. प्लॅस्टिकच्या बाजूनें तर नमदा हातांत तुटत होता. सात महिन्यांचें तान्हें मूल त्याच पेटाऱ्यांशेजारीं निजत असे, व त्यास महिनाभर खोकला होता. खोकला डागामुळेंच होता असें म्हणण्यास आम्ही वैद्य नव्हे. पण सूनबाईच्या चेहऱ्यावरील रंग पालटलेला आम्हीं पाहिला.

सासूसुनांचा वाद मात्र त्यानें मिटला नाहीं. सासूबाईंचें म्हणणें: भर हिंवाळ्यांतहि उर्ख रोज उघडला पाहिजे. सूनबाईंचें म्हणणें: जानेवारींत बाहेर उणें वीस अंशांच्याहि खालीं थंडी, कोळसा विकत घ्यावयाचा, आणि बाहेरची हवा म्हणजे शेजारच्या हजारों शेगड्यांचा धूर; ती तान्ह्यावर सोडावयाची काय? २०१९ च्या मे महिन्यापासून शहरांत कच्चा कोळसा जाळण्यास बंदी होऊन त्याऐवजीं कोळशाच्या विटा आल्या, तरी धूर सरलेला नाहीं. उलटपक्षीं, घट्ट बंद केलेल्या गेरांत कार्बन मोनॉक्साइड या वासहीन वायूनें माणसें झोंपेंतच गेल्याच्या घटना प्रत्येक कुटुंबास ठाऊक आहेत. दोघींचेंहि म्हणणें खरें होतें.

मग आम्हीं दुभाष्याच्या साहाय्यानें एक हिशेब मांडला. वीस अंश उष्ण असलेली हवा दर घनमीटरास सुमारें सतरा ग्रॅम वाफ धरूं शकते. उणें वीस अंशांची हवा जेमतेम एक ग्रॅम. त्या गेरांत सुमारें पन्नास घनमीटर हवा मावते. ती मध्यम दमट धरली व एकदां पुरती बदलली, तर अर्ध्या लिटरच्या किंचित् आंत इतकें पाणी बाहेर जातें. नव्या हवेस तापविण्यास किती कोळसा? पावशेर, फार तर अर्धा शेर. घरांतील भांडीं, जमीन व शेगडी गरमच असतात. थोडा वेळ उघडल्यानें तीं निवत नाहींत. सूनबाईंनीं आंकडा दोनदां विचारून घेतला.

हा हिशेब मंगोलियाचा आहे, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. तेथें वर्षाकाठीं पाऊस दहा-अकरा इंच, आणि तोहि बहुधा उन्हाळ्यांत. बाहेरची हवा आंतल्याहून कोरडी असते, म्हणूनच दार उघडल्यानें घर वाळतें. इंग्लंड-वेल्सच्या ओल्या प्रदेशांत हौसेनें उभारलेल्या गेरांचे नमदे म्हणूनच काळे पडतात. तेथें जाणते लोक गेराखालीं उंच लांकडी तळ घालतात व वस्तीस कोणी नसलें तरी मधून मधून शेगडी पेटवितात. आणि आमचें कोंकण? श्रावणांतील सत्तावीस अंशांची भरलेली हवा घनमीटरास वीस ग्रॅमांहून अधिक पाणी घेऊन येते. खिडक्या उघडून पेटींतील शालू वाळत नाहीं, हा प्रत्येक घरांतील अनुभव आहे. बीं-बियाणें चुलीवरील माळ्यावर ठेवणाऱ्या आपल्या आज्यांस हें ठाऊक होतें. तेथें वाळविण्याचें काम वाऱ्याचें नसून विस्तवाचें असतें.

इकडे दोन दिवस नमदे कुंपणावर उन्हांत पडले. कुजलेली पट्टी कापून नवी शिवण्यांत आली. जाळी सोड्याच्या कढत पाण्यानें घासली, आणि तें काम चालू असतां बाळास शेजाऱ्यांकडे ठेविलें. प्लॅस्टिक काढलें, त्याच्या जागीं दुहेरी सुती कापड आलें. पेटारे भिंतीपासून वीतभर पुढें सरले, त्यामुळें जागा अडली म्हणून यजमान थोडे कुरकुरलेहि. उर्खाविषयीं ठरलें तें असें: धूर सकाळ-संध्याकाळीं दाट असतो, म्हणून उघडावयाचा तो भर दुपारीं, शेगडी चांगली पेटलेली असतांना, पाव तास आणि पुरता; दिवसभर किलकिला ठेवावयाचा नाहीं. सासूबाईंस पाव तास फारच थोडा वाटला. दोरीचें टोंक मात्र त्यांनीं स्वतः सोडून सूनबाईच्या हातास लागेल इतकें खालीं बांधून दिलें.