अर्ध्या पाळीचा हिशेब

ती. दादांस,


तुमच्या पत्रासोबत आलेल्या कंपनीच्या नोटिशीत "ऑर्डर कमी झाल्याने पुढील सूचनेपर्यंत पाळी चार तासांची राहील व पगार हजर तासांप्रमाणे निघेल" एवढाच मजकूर असला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यात तीन वेगळे प्रश्न गुंडाळलेले आहेत : ठरलेल्या वेळेत बदल, ठरलेले काम न पुरवणे आणि त्यापायी होणारी पगारकपात. तिन्हींचे नियम निराळे आहेत, आणि अशा प्रकरणांत कामगाराची बाजू लंगडी पडते ती बहुधा हे तिन्ही प्रश्न एकाच तक्रारीत कालवले गेल्यामुळे. युनियनच्या सभेत "अन्याय झाला" एवढे म्हणून भागते. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात मात्र कोणत्या तरतुदीचा भंग झाला हे दाखवावे लागते.

पहिला प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे. कामाचे तास, विश्रांतीची वेळ, वेतन व ते देण्याची पद्धत, अशा ज्या अटींवर कामगार नोकरीत असतो त्यांना सेवाशर्ती म्हणतात, आणि औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 च्या कलम 9-अ नुसार त्यांत फेरफार करू पाहणाऱ्या मालकाने आधी नोटीस देऊन 21 दिवस थांबणे बंधनकारक होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहिता, 2020 ने घेतली असली, तरी ही तरतूद संहितेच्या कलम 40 मध्ये शाबूत आहे. संध्याकाळी गेटवरच्या फळ्यावर कागद चिकटवून दुसऱ्या सकाळपासून अंमल सुरू करणे तिच्यात बसत नाही. तातडीच्या प्रसंगी तक्रार निवारण समितीशी विचारविनिमय करून नोटिशीविना पाळी बदलण्याची मुभा नव्या संहितेने दिली आहे खरी, आणि व्यवस्थापन तिचाच आधार घेईल असा रंग दिसतो. परंतु पाळी बदलण्याची मुभा म्हणजे पाळी निम्मी करून पगारही निम्मा करण्याची मुभा, असा अर्थ त्या शब्दांतून काढणे ओढूनताणून होईल.

खरी गुंतागुंत दुसऱ्या प्रश्नात आहे. कच्चा माल, वीज किंवा कोळसा यांची टंचाई, तयार मालाचा साठा, यंत्रातील बिघाड किंवा तत्सम कारणाने हजेरीपटावर नाव असलेल्या कामगाराला मालक काम देऊ शकत नाही किंवा देत नाही, तेव्हा त्या स्थितीस ले-ऑफ म्हणतात. त्यात नोकरी तुटत नाही, केवळ काम थांबते. या व्याख्येला जोडलेले स्पष्टीकरण कारखान्याच्या दारात उभे राहून लिहिल्यासारखे बारकाईचे आहे. नेमलेल्या वेळी कामगार हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम मिळाले नाही, तर तो त्या दिवसापुरता ले-ऑफवर आहे असे मानले जाते. पाळीच्या आरंभी काम न देता उत्तरार्धात येण्यास सांगितले व तेव्हा काम दिले, तर ले-ऑफ अर्ध्या दिवसाचा धरला जातो. आणि उत्तरार्धात बोलावूनही काम दिले नाही, तर त्या अर्ध्या भागाचे मूळ वेतन व महागाई भत्ता पूर्ण द्यावा लागतो. कामगाराला दोनदा फाटकाशी तिष्ठत ठेवण्याची किंमत मालकाने मोजावी, हा त्यामागचा विचार उघड आहे.

ले-ऑफच्या काळात मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या 50 टक्के भरपाई मिळते. त्यासाठी कामगाराची एक वर्षाची सलग सेवा हवी, आणि बारा महिन्यांत 240 दिवस काम भरले की ती पुरी झाली असे सामान्यतः समजतात. दुसऱ्याच्या जागी काम करणाऱ्या बदली कामगाराला हा लाभ नाही, मात्र त्याचेही वर्ष भरले असेल तर त्याला बदली म्हणून वगळता येत नाही. अर्ध्या दिवसाच्या ले-ऑफचा हिशेब यावरून मांडला, तर काम केलेल्या भागाचे पूर्ण वेतन आणि उरलेल्या भागाचे निम्मे, म्हणजे एकूण 75 टक्के होतात. कंपनीची नोटीस 50 टक्क्यांवरच थांबली आहे. अडचण एवढीच की स्पष्टीकरणातील शब्द उशिरा काम सुरू होण्याविषयी आहेत आणि नोटिशीत पाळी लवकर सोडण्याची योजना आहे. या फटीवर कंपनीचा वकील बोट ठेवील, म्हणून सगळा भार या एका मुद्द्यावर टाकणे शहाणपणाचे नाही.

संहितेतील हे भरपाईचे प्रकरण केवळ कारखाने, खाणी व मळे यांना, आणि तेही सरासरी 50 किंवा अधिक कामगार असतील तरच लागू होते. त्याखालच्या लहान आस्थापनांत मालकाला मोकळे रान मिळते असा समज सर्रास आढळतो, तो बरोबर नाही. फायरस्टोन टायर कंपनीच्या मुंबईतील कारखान्यात संप झाल्याने दिल्लीच्या वितरण कार्यालयात माल येईनासा झाला आणि 1968 मध्ये तेथील 30 पैकी 17 कर्मचाऱ्यांना घरी बसवण्यात आले. त्या प्रकरणी 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की ले-ऑफ देण्याचा अधिकार मालकाला उपजत नसतो. तो कायद्यातून, नोकरीच्या करारातून किंवा स्थायी आदेशांतून, म्हणजे आस्थापनेच्या प्रमाणित सेवानियमांतून, यावा लागतो. असा आधार नसेल तर कामगाराला पगाराविना बसवणे हा करारभंग ठरतो. तुमच्या कारखान्यात स्थायी आदेशांची प्रत कोणी मागून पाहिली आहे का, हे म्हणूनच आधी तपासावे. ज्या कारखान्यांत 300 किंवा अधिक कामगार आहेत, त्यांना काही अपवाद वगळता ले-ऑफपूर्वी शासनाची परवानगी घ्यावी लागते. जुन्या अधिनियमात ही मर्यादा 100 होती, आणि ती वाढवून मधल्या आकाराच्या कारखान्यांतील कामगारांचे एक मोठे कवच काढून घेतले गेले, हे नमूद करणे भाग आहे.

तिसऱ्या प्रश्नावरची तरतूद सर्वांत धारदार असूनही तिची आठवण फारशी कोणी ठेवत नाही. किमान वेतन दिवसाच्या दराने ठरलेले असेल आणि मालकाने काम न पुरवल्यामुळे कामगाराचे तास अपुरे भरले, तर त्याला पूर्ण दिवसाचे वेतन मिळते, असे किमान वेतन अधिनियम, 1948 च्या कलम 15 मध्ये होते आणि वेतन संहिता, 2019 च्या कलम 10 मध्ये आहे. कामगाराने स्वतःहून काम नाकारले असेल तर गोष्ट वेगळी. ज्यांचा पगार किमान दराहून बराच जास्त आहे त्यांना याचा उपयोग थोडा. पण त्याच शेडमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या हेल्परांना चार तासांची हजेरी लावून अर्धा रोज टेकवला जात असेल, तर ही तरतूद त्यांच्यासाठीच आहे. युनियनने त्यांना बाहेर ठेवून वाटाघाटी करू नयेत.

पुराव्याबाबत एवढेच की ले-ऑफ असला तरी हजेरीपट ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, आणि नेमलेल्या वेळी दिवसातून एकदा हजर न राहणाऱ्याची भरपाई बुडते. तेव्हा "उगाच कशाला जायचे" म्हणून घरी बसणे महागात पडेल. वहिनींच्या सवयीप्रमाणे पगाराच्या स्लिपा फाइलला लावलेल्या असतीलच.

मनुष्यबळ विभाग "सहकार्याचे संमतिपत्र" म्हणून जो कागद फिरवत आहे, त्याचा तिसरा परिच्छेद पुन्हा वाचावा. बारा महिन्यांत ले-ऑफ 45 दिवसांपलीकडे गेला, तर पुढील दिवसांची भरपाई देण्यातून मालक सुटतो, पण त्यासाठी कामगारांशी तसा करार झालेला असावा लागतो. त्या परिच्छेदात गोड शब्दांत हाच करार घातलेला आहे. युनियनच्या वकिलांनी पाहेपर्यंत त्यावर कोणीही सही करू नये, आणि केलीच असेल तर तिची प्रत मागून घ्यावी.