चाळकेवाडीच्या पठारावरचा वारा

साताऱ्याहून बोगदा ओलांडावा, सज्जनगडाचा फाटा मागे टाकून ठोसेघरची वाट धरावी. धबधब्याचे गाव गेले की थोड्याच वेळात चाळकेवाडीचे पठार लागते. सगळा जांभ्या खडकाचा सडा. माती बेताचीच, पीक नाचणी-वरीचे. पश्चिमेला खाली कोयनेचा शिवसागर. इथे उदंड आहे तो वारा. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून या पठारावर आणि शेजारच्या वनकुसवडे भागात पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि डोंगराचे रूपच पालटले.

लांबून पाहावे तर पाती कशी आरामात फिरताना दिसतात. पण भरवाऱ्यात पात्याचे टोक ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. वारा दुप्पट झाला तर त्यातली शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते. म्हणून वारा ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास गेला की चक्की आपोआप थांबावी अशी योजना असते. पाती वाऱ्याला धार दाखवतात, किंवा त्यांची टोके वळून वेग मोडतात. शिवाय आत ब्रेक असतोच.

हे ब्रेक दगा देतील तर? डेन्मार्कमध्ये हॉर्नस्लेट गावाजवळ २२ फेब्रुवारी २००८ रोजी तसेच घडले. वादळात एक चक्की आवरेना. पाते तुटून मनोऱ्यावर आदळले, मनोरा कोसळला आणि तुकडे लांब शेतांत जाऊन पडले.

असे होऊ नये म्हणून कामगार मनोऱ्यावर चढतात. आपण पेरणीआधी तिफण-कुळव पाहून घेतो, तशी इथली मोठी तपासणी मृगाआधी उरकावी लागते. कारण आषाढ-श्रावणातला वारा माणसाला वर चढू देत नाही. आधी चक्की थांबवून चाकाला खिळ घालायची, मगच आत हात घालायचा. चढताना कमरेचा पट्टा एका ठिकाणी अडकवल्याशिवाय दुसरीकडचा सोडायचा नाही. या दोन नियमांवर घरी वाट पाहणाऱ्यांचे कुंकू अवलंबून असते.

गाडीच्या आसाला वंगण लागते, तसे इथल्या बेअरिंगलाही. गिअरपेटीतले तेल बाटलीत भरून तपासायला जाते. त्यात लोखंडाचा कीस सापडला की दाते झिजू लागले असे समजावे. नट-बोल्ट ठरलेल्या जोराने आवळतात. पाती काचतंतूंची. माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो ना? तसेच पाते ठोकून पाहतात; आवाज बद्द आला तर आत थर सुटला आहे. वीज पडली तर ती पात्यातून जमिनीत उतरवणारी तार शाबूत आहे ना, हेही मोजतात. आता चिरा शोधायला ड्रोनही उडवतात.

वाचकहो, चक्कीच्या आसपास आपली गुरे चरत असतील तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. वादळात वा विजा चमकताना मनोऱ्याच्या आडोशाला थांबू नका. रोजचा आवाज बदलला, खडखड ऐकू आली, मनोऱ्यावरून तेलाचा ओघळ दिसला, तर राखणदाराला लगेच सांगा. धूर दिसला तर जवळ जाऊ नका आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे राहू नका. ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला जनावर बांधू नका.

या पठारावरच्या जुन्या चक्क्यांनी विशी ओलांडली आहे. म्हाताऱ्या बैलाकडे जसे अधिक लक्ष द्यावे, तसे त्यांच्याकडेही द्यायला हवे.