रविवारचे दोन तास लेकरांसोबत

आमच्या वस्तीतील समाजभवनात दर रविवारी सकाळी काय चालते, असे मला पुष्कळ बंधू-भगिनी विचारतात. कुणाला ती बालवाडी वाटते, कुणाला संस्कार शिबिर, तर कुणाला महिला मंडळाचा शिवणवर्ग. यांपैकी ते काहीच नाही. दीड ते चार वर्षांची लेकरे आणि त्यांचे आईबाप दोन तास एकत्र बसतात, हाताने काम करतात, गातात, खातात आणि घरी जातात. पण हे सुरू करण्यापूर्वी आमच्या वस्तीत जी चर्चा झाली, ती प्रत्येक घरात व्हावी असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी नागपुरात एका कार्यालयात कारकून आहे. बी.कॉम. झाले आणि वीस वर्षे आकडेमोडीत गेली. बालशिक्षणाची पदवी माझ्याजवळ नाही. माझ्या भाचीने लहान मुलांच्या शिक्षणाचे प्रशिक्षण घेतले. तिच्या तोंडून 'वॉल्डॉर्फ' हा शब्द मी प्रथम ऐकला. हे काहीतरी श्रीमंतांचे खूळ असेल, असेच मला वाटले. पण तिने त्या शाळेची जन्मकथा सांगितली तेव्हा मी कान टवकारले.

जर्मनीतील श्टुटगार्ट शहरात वॉल्डॉर्फ-अस्टोरिया नावाचा सिगारेटचा कारखाना होता. पहिले महायुद्ध संपले होते, लोक भुकेने आणि बेकारीने हैराण होते. त्या कारखान्याचे मालक एमिल मोल्ट यांनी आपल्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढायचे ठरवले आणि रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंतावर ती जबाबदारी सोपवली. सप्टेंबर १९१९ मध्ये शाळा सुरू झाली. कारखान्याचेच नाव शाळेला आणि पुढे त्या शिक्षणपद्धतीला मिळाले. लहानग्यांचा वर्ग १९२६ साली एलिझाबेथ ग्रुनेलियस या शिक्षिकेने सुरू केला. हिटलरच्या राजवटीत, १९३८ साली, ती शाळा बंद करण्यात आली. युद्धानंतर ती पुन्हा उघडली आणि आज जगभर अशा हजाराहून अधिक शाळा आहेत. आपल्या देशातही मोठ्या शहरांत आहेत. मात्र तिथली फी आपल्या खिशाला झेपणारी नाही.

सिगारेट वळणाऱ्या कामगारांच्या पोरांसाठी निघालेली शाळा आज पैसेवाल्यांच्या अंगणात गेली! आपल्या विदर्भातल्या कितीतरी आया-आज्यांनी विड्या वळून लेकरे मोठी केली. त्या आज्यांच्या पणतवंडांना यातले काय देता येईल, असा विचार मनात आला आणि आम्ही वस्तीची बैठक बोलावली.

त्या बैठकीत काय झाले ते सांगण्यापूर्वी, आमचा रविवार कसा असतो ते सांगते.

साडेनऊला दार उघडते. उन्हाळ्यात साडेसातला. दाराशी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवलेला असतो, त्यात सर्वांनी आपापला मोबाईल ठेवायचा. आत गोधड्या अंथरलेल्या असतात. खेळायला सुताराकडून आणलेले आणि घासून गुळगुळीत केलेले लाकडाचे तुकडे, नदीतले मोठे गोटे, नारळाच्या करवंट्या, जुन्या साड्यांचे तुकडे आणि चिंध्यांच्या बाहुल्या. चिंचोके, मणी अशा वस्तू ठेवत नाही, कारण लेकरे त्या नाकातोंडात घालतात. बाहुल्या आमच्या आज्यांनीच शिवल्या आहेत. बाजारातली बाहुली गोरी आणि निळ्या डोळ्यांची असते. आमच्या बाहुल्यांना आपल्यासारख्या सावळ्या रंगाचे कापड लावले आहे. डोळे म्हणून दोन टाके, तोंड जवळजवळ नाहीच. लेकराला हवी तेव्हा ती हसते, हवी तेव्हा रडते.

पहिला पाऊण तास मुले मनाप्रमाणे खेळतात. मोठी माणसे गप्पा मारत बसत नाहीत. कुणी कणीक भिजवते, कुणी गोधडीला टाके घालते, हिवाळ्यात तुरीच्या शेंगा सोलतात. या पद्धतीचा पायाच असा आहे की लहान मूल उपदेशाने शिकत नाही, अनुकरणाने शिकते. म्हणून 'हे कर, ते करू नको' असा सारखा धोशा लावायचा नाही. आपण आपले काम मन लावून करायचे. थोड्या वेळाने एखादे पोर येऊन बसतेच आणि कणकेचा गोळा मागते.

मग आवरायचे गाणे सुरू होते. मोठे गातात आणि आवरू लागतात, मुले मागून येतात. नंतर सर्वजण गोल करून उभे राहतात. टाळ्या, उड्या, हातवारे. गाणी महिनाभर तीच ठेवतो. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. पुढे काय येणार हे ठाऊक असले की लेकराला धीर असतो. खेळ म्हणजे श्वास बाहेर सोडणे आणि गोष्ट म्हणजे श्वास आत घेणे, असे वॉल्डॉर्फचे शिक्षक सांगतात. दोन्ही आलटून-पालटून आले की मूल चिरडीला येत नाही. मुलांनी हाताने थापलेल्या लहान लहान पोळ्या तव्यावर भाजतो, त्यावर गूळ. सर्वांच्या ताटलीत पडेपर्यंत कुणी खात नाही. शेवटी एका पाटावर चिंध्यांच्या बाहुल्या मांडून गोष्ट. तीही सलग तीन रविवार तीच.

कोपऱ्यात ऋतूचा पाट असतो. फाल्गुनात पळसाची फुले, मे महिन्यात बहावा, वैशाख पौर्णिमेला पिंपळाची कोवळी पाने. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या रविवारी मुले आईबापांसोबत मुरमुऱ्याचे लाडू वळतात आणि दीक्षाभूमीवर गावोगावहून येणाऱ्या पाहुण्यांना ते दिले जातात. युरोपातले सण आम्ही घेतले नाहीत. आपले दिवस आपल्याकडे आहेत.

आता बैठकीविषयी. पहिला आक्षेप एका तरुण आईचा होता. ती म्हणाली, "ताई, शेजारचं पोरगं कॉन्व्हेंटात जातं, तीन वर्षांचं आहे अन् ए-बी-सी-डी म्हणून दाखवते. माझं पोरगं काय फक्त कणीक मळंल?"

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वॉल्डॉर्फ पद्धतीत सातव्या वर्षापर्यंत अक्षर शिकवत नाहीत. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तके आहेत, त्यांना हे सहज परवडते. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराची बंदी होती, ज्यांना बाबासाहेबांनी पहिलाच शब्द 'शिका' असा दिला, त्यांना 'अक्षराची घाई करू नका' असे सांगणाऱ्याने दहा वेळा विचार केला पाहिजे.

मी तसा विचार केला, वाचले, भाचीशी वाद घातला. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी पाचव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या आणि सातव्या वर्षी, म्हणजे वॉल्डॉर्फ शाळांत, शिकू लागलेल्या मुलांची तुलना केली. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. अकराव्या वर्षापर्यंत उशिरा सुरुवात केलेली मुले इतरांच्या बरोबरीला आली होती. म्हणजे तिसऱ्या वर्षी एबीसीडी घोकली नाही म्हणून पोर मागे राहते, ही भीती खोटी आहे. आपल्या देशाच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांच्या टप्प्यात खेळातून शिकण्यावर भर दिलेला आहे.

पण मी कारकून आहे, जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूही पाहते. उशिरा अक्षर ओळखणाऱ्या मुलाच्या कानावर त्याआधी हजारो शब्द, गोष्टी, गाणी पडलेली असावी लागतात. दिवसभर कामावर जाणाऱ्या आईबापांच्या घरी ते आपोआप होत नाही. म्हणून आम्ही बैठकीत ठरवले की अक्षर घोकवायचे नाही, पण पुस्तकही दूर ठेवायचे नाही. दर रविवारी प्रत्येक घरी कापडी पिशवीतून एक चित्रांचे पुस्तक जाते आणि पुढच्या रविवारी बदलून दिले जाते. ज्या आईला वाचता येत नाही, ती चित्र पाहून आपल्या बोलीत गोष्ट सांगते. अस्सल वॉल्डॉर्फवाल्यांना हे कदाचित पटणार नाही. आम्हाला पटले.

दुसरा आक्षेप एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा होता. वॉल्डॉर्फच्या वर्गात मुलांच्या हाती लहानसा झाडू, पोछा देतात, असे भाचीने सांगताच ते उभे राहिले. म्हणाले, "पोरी, झाडू आपल्या हातून सुटावा म्हणून आमच्या बापांनी गाव सोडलं. अन् तू तो लेकरांच्या हाती देणार?"

सभागृह शांत झाले. युरोपातल्या मुलाच्या हातातला झाडू हा केवळ झाडू असतो. आपल्याकडे त्याला जात चिकटली आहे. कुणी म्हणाले, काम कोणतेच हलके नसते. ते खरेच आहे, पण जन्मावरून काम लादले गेलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवणे सोपे असते, पटवणे नव्हे. तासभर चर्चा झाली. शेवटी ठरले की आमच्या गटात झाडू राहणार नाही. कणीक, शेंगा, सुईदोरा, घड्या घालणे, ताटल्या पुसणे ही कामे राहतील आणि ती मुलगे व मुली दोघेही करतील. बापही करतील. ही शेवटची अट त्या ज्येष्ठांनीच घातली.

तिसरा प्रश्न मी स्वतः मांडला. स्टायनर आधी थिऑसॉफीच्या चळवळीत होते आणि पुढे त्यांनी अँथ्रोपॉसॉफी नावाचा आपला वेगळा विचार मांडला. त्यात आत्मा, पुनर्जन्म आणि कर्म या कल्पना आहेत. मागच्या जन्मीचे भोग म्हणून ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांनी ही कल्पना मागच्या दाराने घरात घेऊ नये. मानववंशांविषयीही त्यांची काही विधाने आक्षेपार्ह आहेत. २००७ साली जर्मनीतील वॉल्डॉर्फ शाळांच्या संघटनेनेच जाहीर निवेदनात मान्य केले की त्यांची काही विधाने आजच्या दृष्टीने भेदभाव करणारी आहेत. तेव्हा आम्ही हातकाम घेतले, लय घेतली, अनुकरणाचे तत्त्व घेतले. त्यामागचे गूढ तत्त्वज्ञान घेतले नाही. कुणाचे नाव मोठे आहे म्हणून त्याचे सगळेच स्वीकारावे, असे आपल्याला तथागतांनी शिकवलेले नाही आणि बाबासाहेबांनीही नाही.

खरे तर या वाटेवर महाराष्ट्र आधीच चालला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे ते कोसबाडला गेले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पाने, खडे, शिंपले, बांबू अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी शिक्षणसाहित्य बनवले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या सरकारी योजनेतून अंगणवाडी देशभर पोहोचली. आमचा गट अंगणवाडीला पर्याय नाही. आमची बहुतेक मुले आठवडाभर अंगणवाडीत जातात. रविवारी फरक एवढाच की आईबाप सोबत असतात.

आणि तोच फरक मोठा आहे. एका रविवारी अडीच वर्षांची एक मुलगी बाहुलीला मांडीवर घेऊन बसली होती. बाहुलीच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "गप बस, नाही तर पोलिसाला देईन!" आवाज हुबेहूब तिच्या आईचा. आम्ही सगळ्या हसलो. आईही हसली. मग ती गप्प झाली आणि बराच वेळ शेंगाच सोलत राहिली. तिला कुणी काही बोलले नाही. बोलण्याची गरजही नव्हती.

बापांविषयी सांगायचे तर पहिल्या महिन्यात तिघेच आले, तेही भिंतीला टेकून. आज अकरा कुटुंबांपैकी सात घरचे बाप नियमित येतात. ऑटो चालवणारे एक दादा कापडी चेंडू शिवायला शिकले. ते म्हणाले, "मी पोरीसाठी दिवसभर ऑटो चालवतो, पण तिच्याजवळ दोन तास बसलो नव्हतो." आज्यांचाही मान वाढला. 'मला काय येते, मी अडाणी' असे म्हणणाऱ्या आजीला जात्यावरची गाणी पाठ असतात, गोधडीचा टाका येतो. इथे तीच शिक्षिका असते.

काही कुटुंबे दोन-तीन रविवार येऊन थांबलीही. कुणाची पाळी रविवारी असते, कुणाला अजूनही वाटते की पोर इथे काही शिकत नाही. त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांची काळजी आमच्याच काळजीची बहीण आहे.

खर्चाचा हिशेब मी स्वतः ठेवते. दर कुटुंबामागे रविवारी २० रुपये. त्यात कणीक, गूळ, तेल, दोरा भागतो. ज्यांना जमत नाही ते देत नाहीत आणि कोण देत नाही हे वहीत लिहिले जात नाही. पुस्तकांसाठी वाढदिवशी केकऐवजी एक पुस्तक देण्याची प्रथा पाडली आहे.

आपल्या वस्तीत असा गट सुरू करू इच्छिणाऱ्या बंधू-भगिनींनी इमारतीची वा देणगीची वाट पाहू नये. चार कुटुंबे, दोन गोधड्या, एक परात आणि न चुकता ठरलेली वेळ एवढे पुरे. मात्र आधी बैठक घ्या. विशेषतः विरोध करणाऱ्यांना बोलवा. आमच्या गटाचे निम्मे नियम त्यांच्याच प्रश्नांतून तयार झाले आहेत.

जयभीम!